समुपदेशनाचा अर्थ व प्रयोजन : परभणी परिसरातील संतपरंपरेच्या आधारे एक परीक्षण

१

'समुपदेशन' हा शब्द मराठीत आता पुरता रुळला आहे. शाळा, रुग्णालये, कौटुंबिक न्यायालये, शेतकऱ्यांची शिबिरे अशा सर्व ठिकाणी तो वापरला जातो. आणि वापर जसजसा वाढत गेला तसतसा त्याचा अर्थ सैल होत गेला. परीक्षेत अनुत्तीर्ण झालेल्या मुलास चार समजुतीच्या गोष्टी सांगणे, माहेरी परतलेल्या सुनेला पुन्हा सासरी धाडणे, पीक बुडालेल्या शेतकऱ्यास व्यसनापासून दूर राहण्याचा बोध करणे, ह्या तिन्ही क्रियांना सर्रास समुपदेशन म्हटले जाते. तिन्हींत एक गोष्ट समान आहे. बोलणारा दुसराच कोणी असतो, आणि ज्याचे दुःख आहे तो केवळ ऐकणारा असतो. समुपदेशनाचा हाच अर्थ असेल, तर पूर्वी वडीलधाऱ्यांनी केलेल्या कानउघाडणीहून त्यात वेगळे असे काही उरत नाही, आणि त्यासाठी स्वतंत्र शास्त्राचीही गरज राहत नाही.

ह्या गोंधळाचे एक कारण शब्दातच आहे. 'समुपदेशन' ह्यातील मूळ धातू 'दिश्', म्हणजे दाखविणे. त्यामागे 'उप' आणि 'सम्' असे दोन उपसर्ग आहेत. 'उप' जवळीक सुचवितो, तर 'सम्' एकत्रपणा सुचवितो. परंतु 'उपदेश' हा शब्द मराठी मनात इतका खोल रुजलेला आहे की 'समुपदेशन' उच्चारताच त्यातील उपदेश तेवढा ऐकू येतो; दोन्ही उपसर्ग निष्प्रभ होतात. ज्या इंग्रजी संज्ञेसाठी हा पर्याय घडविला गेला, तिचे मूळ लॅटिन भाषेत 'एकत्र बसून केलेला विचारविनिमय' ह्या अर्थाकडे जाते. त्या अर्थाच्या अधिक जवळ जाणारे शब्द मराठीत पूर्वीपासून आहेत. 'मसलत' हा त्यांतला एक, आणि 'हितगुज' हा दुसरा. मसलतीत दोघे मिळून विचार करतात. हितगुजात मनातले गुज, म्हणजे झाकून ठेवलेले, विश्वासाने बाहेर येते. उपदेशात मात्र गुजाला जागाच नसते.

तेव्हा प्रश्न असा की समुपदेशनाचा भर कोणत्या घटकावर असावा : दिशा दाखविण्यावर, जवळ असण्यावर, की एकत्र विचार करण्यावर? आधुनिक मानसशास्त्राने ह्याची जी उत्तरे दिली ती प्रसिद्ध आहेत. परंतु परभणी परिसराच्या संतपरंपरेत आणि लोकगीतांतही ह्या प्रश्नाचा एक जुना विचार दडलेला आहे. तो पुढे मांडला म्हणजे आधुनिक उत्तरांचे सामर्थ्य व उणेपणा ही दोन्ही स्पष्ट होतील.

२

आधुनिक समुपदेशनाचा उगम मनोविकारांच्या चिकित्सेत नसून व्यवसायाच्या निवडीत आहे, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. फ्रँक पार्सन्स ह्यांनी १९०८ मध्ये बोस्टन येथे व्यवसाय-मार्गदर्शनाचे केंद्र सुरू केले. त्यांच्या निधनानंतर १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी निवडीचे तीन टप्पे सांगितले : स्वतःची ओळख, व्यवसायांची माहिती, आणि ह्या दोहोंचा मेळ घालणारा विचार. पुढे मिनेसोटा विद्यापीठात विल्यमसन ह्यांनी ह्या भूमिकेला निदेशात्मक पद्धतीचे रूप दिले. तीत समुपदेशक तज्ज्ञ असतो. तो चाचण्या घेतो, निदान करतो आणि मार्ग सुचवितो. भारतात माध्यमिक शिक्षणासंबंधीच्या मुदलियार आयोगाने (१९५२–५३) शाळांतून मार्गदर्शनाची सोय व्हावी असा जो आग्रह धरला, त्याची पार्श्वभूमीही प्रामुख्याने शैक्षणिक व व्यावसायिक निवडीची होती.

ह्या विचाराला मोठा छेद दिला तो कार्ल रॉजर्स ह्यांनी. १९४२ व १९५१ मधील त्यांच्या ग्रंथांनी समुपदेशनाचा मध्यबिंदू तज्ज्ञाकडून दुःखी व्यक्तीकडे नेला. व्यक्तीच्या ठायी स्वतःचा मार्ग शोधण्याची शक्ती असते. ती मोकळी व्हावी अशी परिस्थिती निर्माण करणे हेच समुपदेशकाचे काम, अशी त्यांची भूमिका होती. १९५७ मधील एका निबंधात त्यांनी ह्या परिस्थितीची जी अंगे नोंदविली, त्यांत समुपदेशकाचा खरेपणा, समोरच्या व्यक्तीचा बिनशर्त स्वीकार आणि तिच्या दृष्टीने जग पाहण्याची समानुभूती ही प्रमुख होत.

ह्या दोन भूमिकांतील भेद केवळ पद्धतीचा नाही; तो प्रयोजनाचा आहे. पहिलीचे प्रयोजन समायोजन हे आहे : व्यक्ती तिच्या परिस्थितीत नीट बसावी. दुसरीचे प्रयोजन स्वातंत्र्य हे आहे : व्यक्तीने आपला निर्णय आपण घ्यावा. समायोजन हे प्रयोजन मानले की समुपदेशन नकळत परिस्थितीची बाजू घेऊ लागते. सासरी परत धाडलेली सून आणि कर्जाबद्दल न बोलता केवळ व्यसनाबद्दल बोध ऐकणारा शेतकरी, हे दोघेही ह्याच प्रयोजनाचे बळी होत.

भारतीय लेखनात समुपदेशनाचे आद्य उदाहरण म्हणून श्रीकृष्ण व अर्जुन ह्यांच्या संवादाकडे नेहमी बोट दाखविले जाते. तेथेही ही कसोटी लावण्याजोगी आहे. अठरा अध्यायांच्या प्रदीर्घ उपदेशानंतर, ह्या सर्वाचा पुरता विचार कर आणि मग तुला वाटेल तसे कर, असे श्रीकृष्ण अर्जुनास सांगतात. निर्णय अर्जुनाकडे परत दिला जातो. तरीही त्या संवादाचा बहुतेक भार उपदेशाचा आहे, हे नाकारता येत नाही. मराठी लोकमनाने दुःखिताजवळच्या श्रोत्याची कल्पना कशी केली हे पाहायचे, तर गोदाकाठी यावे लागते.

३

नामदेवांचे जन्मगाव म्हणून नरसी बामणी हे गाव परंपरेने मानले जाते. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत ते परभणी जिल्ह्यातच होते. औंढा नागनाथही त्याच भागातील. नामदेव व विसोबा खेचर ह्यांच्या भेटीचे स्थळ म्हणून एक परंपरा औंढ्याचे नाव सांगते. त्या भेटीची कथा सर्वपरिचित आहे. परंतु समुपदेशनाच्या दृष्टीने तिच्याकडे पाहिल्यास तिच्यातील तीन प्रसंगांचा क्रम अर्थपूर्ण ठरतो.

पहिला प्रसंग तेर येथे, गोरोबा कुंभारांच्या घरी घडतो. जमलेल्या संतांपैकी मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबा थापटण्याने प्रत्येकाचे डोके तपासतात. इतर संत ती परीक्षा निमूट सोसतात. नामदेव मात्र विरोध करतात, आणि त्यांचे मडके कच्चे ठरते. दुसऱ्या प्रसंगी व्यथित नामदेव पंढरपुरास परतून आपले गाऱ्हाणे विठ्ठलापुढे मांडतात, आणि विठ्ठल त्यांना विसोबांकडे धाडतो. तिसऱ्या प्रसंगी विसोबा शिवलिंगावर पाय ठेवून निजलेले दिसतात. नामदेव आक्षेप घेतात, तेव्हा जेथे देव नसेल तेथे माझे पाय उचलून ठेव, एवढेच विसोबा म्हणतात. नामदेव पाय उचलून ठेवतात तेथे तेथे लिंग प्रकट होते.

गोरोबांचा निर्णय आणि विसोबांचे वाक्य ह्यांतील आशय वेगळा नाही. नामदेवांची भक्ती एका मूर्तीत अडकलेली आहे, हेच दोघांनाही सुचवायचे आहे. परंतु गोरोबांचे सत्य निवाड्याच्या रूपाने, चारचौघांत, थापटण्याच्या आघातासह येते. त्यामुळे ते खरे असूनही नामदेवांच्या अंगी लागत नाही. त्यातून केवळ अपमान उत्पन्न होतो. विसोबा निवाडा देत नाहीत. ते नामदेवांच्या हाताला एक कृती देतात, आणि निष्कर्ष नामदेवांनाच काढू देतात. निदान बिनचूक असले म्हणजे समुपदेशन सफल होते, ही समजूत किती अपुरी आहे हे ह्या कथेवरून दिसते. निदान तेर येथेच झाले होते. बदल घडला तो औंढ्यास.

मधल्या प्रसंगाकडे सहसा लक्ष जात नाही. अपमानित नामदेवांना विठ्ठल आपल्यासमोर गाऱ्हाणे मांडू देतो, आणि मगच पुढची वाट दाखवितो. दुखावलेल्या माणसाचे ऐकून घेतल्यावाचून तो शिकण्यास मोकळा होत नाही, हा अनुभव कथेच्या रचनेतच गुंफलेला आहे. आणखी एक गोष्ट अशी की विठ्ठल सर्व काही आपण करीत नाही. योग्य माणसाकडे पाठवितो. समुपदेशकाला स्वतःच्या अधिकाराची मर्यादा कळणे, हे आधुनिक व्यवहारातही महत्त्वाचे कर्तव्य मानले जाते.

तथापि ह्या कथेची मर्यादाही सांगितली पाहिजे. विसोबा गुरू आहेत, आणि गुरूला उत्तर आधीच ठाऊक असते. नामदेवांनी कोठे पोहोचावे हे ठरलेले आहे. फक्त पोहोचण्याची रीत त्यांच्यावर सोपविलेली आहे. समुपदेशकाला दुसऱ्याच्या आयुष्याचे उत्तर ठाऊक नसते, आणि ते ठाऊक असल्याचा आव त्याने आणू नये. गुरुशिष्यसंबंधाचा पाया शरणागती हा आहे. समुपदेशनाचा पाया शरणागती असू शकत नाही. म्हणून समुपदेशकाला आधुनिक काळातील गुरू म्हणणे ऐकण्यास गोड वाटले तरी विचाराच्या दृष्टीने ते चुकीचे आहे.

४

गुरूहून निराळा असा श्रोता जनाबाईंच्या अभंगांत भेटतो. जनाबाई गोदाकाठच्या गंगाखेडच्या. लहानपणीच त्या पंढरपुरात नामदेवांचे वडील दामाशेटी ह्यांच्या घरी आल्या, आणि दासी म्हणून राहिल्या. त्यांच्या नावावर सुमारे साडेतीनशे अभंग आढळतात. ते सर्व एकाच हातचे आहेत असे मानता येत नाही. परंतु येथे कर्तृत्वाचा वाद गौण आहे. ज्या परंपरेने हे अभंग जपले, तिने दुःखिताजवळ कोणता सोबती कल्पिला, एवढेच पाहायचे आहे.

ह्या अभंगांतील विठ्ठल दळू लागतो, पाणी भरतो, गोवऱ्या वेचतो, जनाबाईंचे केस विंचरतो. उपदेश करणारा विठ्ठल त्यांत क्वचितच दिसतो. तो जनाबाईंच्या कामाच्या वेळी आणि कामाच्या जागी येतो. त्यांना आपल्या जागी बोलावीत नाही. जनाबाई त्याच्याशी हवे तसे बोलतात. कधी त्याला आई म्हणतात, कधी सखा म्हणतात, आणि कधी घरातल्या मुलास रागवावे तशा शिव्याही देतात. त्या शिव्यांनी तो निघून जात नाही. रॉजर्स ज्याला बिनशर्त स्वीकार म्हणतात, त्याचे ह्याहून ठसठशीत चित्र मराठी वाङ्मयात शोधणे कठीण आहे. आणि ह्या संबंधाची परिणती जनाबाई अधिक नम्र व निमूट होण्यात होत नाही. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला तरी भर बाजारात जाण्याचा निर्धार त्याच जनाबाईंच्या नावावरील अभंगात व्यक्त होतो. दासीला स्वतःचा आवाज सापडला, हे त्या सोबतीचे फळ होय.

संतांच्या अभंगांत आधुनिक शास्त्र शोधणे हा कालविपर्यास आहे, असा आक्षेप येथे घेतला जाईल, आणि तो अंशतः रास्त आहे. अभंग हा भक्तीचा उद्गार आहे. विठ्ठल हा समुपदेशक नव्हे. परंतु देवाच्या कल्पनेत माणसे आपली अपुरी राहिलेली अपेक्षाही ओततात. दिवसभर दुसऱ्याच्या आज्ञा ऐकणाऱ्या स्त्रीने एकांतात आणखी एक आज्ञा देणारा देव कल्पिला नाही. तिने जात्याचा खुंटा धरणारा देव कल्पिला, ही गोष्ट समुपदेशनाच्या अभ्यासकाने लक्षात घेण्याजोगी आहे.

ह्यापेक्षा गंभीर आक्षेप दुसराच आहे. विठ्ठल दळू लागला तरी दळण संपत नाही. जनाबाई दासीच राहतात. मग ही सोबत म्हणजे दास्य सुसह्य करण्याचा एक उपाय तर नव्हे? हा आक्षेप सहजी बाजूला सारता येत नाही, कारण तोच आक्षेप आजच्या समुपदेशनावरही घेता येतो. त्याला एक उत्तर अभंगांतच आहे. विठ्ठल केवळ ऐकत नाही; तो खुंट्याला हात लावतो, कामाचा काही भार उचलतो. ऐकणे आणि भार उचलणे ही दोन्ही तेथे एकत्र आहेत. ती वेगळी केली, म्हणजे केवळ ऐकून घेतले आणि भार तसाच ठेवला, तर वरील आक्षेप पूर्णपणे लागू पडेल.

५

जनाबाईंनी दिलेले हे चित्र मराठवाड्यातील स्त्रियांनी शतकानुशतके जात्यावर जिवंत ठेवले. गी पॉइतवँ व हेमा राईरकर ह्यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील गावोगावच्या एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह झाला. त्यातून दिसते की ओवी हे केवळ करमणुकीचे गाणे नव्हते. सासर, माहेर, मूल नसणे, नवऱ्याचा मार, भावाची उपेक्षा ह्या विषयांवर एरवी तोंड उघडता येत नसे. जात्यावर ते उघडता येई. वनवासी सीतेच्या ओव्यांत एक कल्पना वारंवार येते. रानात एकट्या पडलेल्या सीतेची समजूत घालण्यास बोरी-बाभळी बायांच्या रूपाने येतात. बोरी-बाभळींपाशी कोणताही उपदेश नाही. त्या जवळ येतात, एवढेच. उपदेशाच्या शब्दात हरवलेला 'उप' हा उपसर्ग येथे सगळा अर्थ व्यापून आहे.

गिरण्या आल्या आणि जाते मागे पडले. स्त्रियांचे कष्ट कमी झाले, हे निःसंशय चांगले झाले. परंतु त्याबरोबर मन मोकळे करण्याची एक जागाही नाहीशी झाली, आणि तिच्या बदली दुसरी तयार झाली नाही. पुरुषाला तर तशी जागा पूर्वीही नव्हती. पारावर पावसाची, भावाची, निवडणुकीची चर्चा होते. आपल्या कर्जाचा आकडा पारावर कोणी सांगत नाही. आत्महत्या करणाऱ्या शेतकऱ्यांत पुरुषांची संख्या फार मोठी आहे, ह्याची कारणे अनेक आहेत. परंतु ज्याच्या नावावर सातबारा व कर्ज दोन्ही असतात त्याच्याजवळ बोलण्याची रीतच नसते, ह्या कारणाचा त्यांत विचार व्हावयास हवा.

६

परभणी जिल्ह्यात समुपदेशनाच्या प्रयोजनाचा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही तो ह्यामुळेच. कापूस, सोयाबीन व तूर ह्या पिकांवर अवलंबून असलेल्या कोरडवाहू कुटुंबाचे संकट मनात उत्पन्न होत नाही. ते पाऊस, बाजारभाव व कर्ज ह्यांतून येते. राज्य शासनाने २०१५ मध्ये मराठवाडा व विदर्भ ह्यांतील चौदा जिल्ह्यांसाठी 'प्रेरणा' नावाचा शेतकरी समुपदेशन प्रकल्प हाती घेतला, त्यात परभणीचा समावेश होता. आशा कार्यकर्त्यांच्या गृहभेटींतून खचलेल्या व्यक्ती शोधाव्या आणि त्यांना उपचारांपर्यंत पोहोचवावे, ही त्यामागील योजना. कायद्याची दृष्टीही ह्याच काळात बदलली. पूर्वी आत्महत्येचा प्रयत्न हा दंडनीय अपराध होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरण्यास सांगितले, आणि तिची काळजी घेण्याचे कर्तव्य शासनावर टाकले. १० ऑक्टोबर २०२२ रोजी 'टेली मानस' ही सेवा सुरू झाली; १४४१६ ह्या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. निवाड्याकडून ऐकण्याकडे, म्हणजे तेरकडून औंढ्याकडे, झालेला हा प्रवास स्वागतार्ह आहे.

तरीही दोन धोके संभवतात. पहिला धोका असा की शेतकऱ्याचे संकट मनोदौर्बल्य म्हणून मांडले जाईल, आणि पीकविमा, पतपुरवठा, पाणी व भाव ह्यांविषयीचे प्रश्न समुपदेशकाच्या खोलीत नेऊन ठेवले जातील. हे घडले तर समुपदेशन समायोजनाचे साधन होईल. दुसरा धोका ह्याच्या उलट आहे. प्रश्न आर्थिक आहे, तेव्हा ऐकून घेण्याने काय होणार, असे म्हणून समुपदेशन निरर्थक ठरविले जाते. परंतु एकाच गावात, सारख्याच कर्जाखाली, एक कुटुंब तग धरते आणि दुसरे कोसळते, ह्या वास्तवाचे उत्तर केवळ अर्थशास्त्रात सापडत नाही. कर्जमाफीचा निर्णय होईपर्यंत माणूस जगला पाहिजे, हेही विसरता येत नाही.

ह्या दोन टोकांमधील मार्ग व्यवहार्य आहे, असे काही प्रयोगांवरून दिसते. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत 'विश्राम' ह्या प्रकल्पाने गावातल्याच सामान्य कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन नैराश्यग्रस्तांपर्यंत पोहोचविले. उपचार घेणाऱ्या नैराश्यग्रस्तांचे प्रमाण तेथे ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांपर्यंत वाढल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नमूद आहे. झिंबाब्वेमध्ये २००६ साली सुरू झालेल्या 'मैत्रीचा बाक' ह्या उपक्रमात दवाखान्याच्या आवारातील लाकडी बाकावर प्रशिक्षित आजीबाई बसतात. त्या आधी ऐकतात. मग अनेक अडचणींपैकी एक निवडून ती सोडविण्याच्या पायऱ्या समोरच्या व्यक्तीबरोबर ठरवितात. दोन्ही ठिकाणी श्रोता दुःखिताच्या परिसरातला आहे आणि पदवीहून जवळिकीला महत्त्व आहे. बाकावर तर ऐकण्याला अडचणीच्या प्रत्यक्ष उकलीची जोडही आहे. जात्याचा खुंटा धरणारा हात तो हाच.

रॉजर्स ह्यांच्या भूमिकेची उणीवही येथेच दिसते. त्यांच्या विचारातील व्यक्ती बहुधा एकटी येते, ठरलेल्या तासाला येते आणि आपल्या आंतरिक अनुभवाविषयी बोलते. गंगाखेड किंवा पालम तालुक्यातील शेतकऱ्याचे दुःख एकट्याचे नसते. त्यात मुलीचे लग्न, भावाची वाटणी व सोसायटीची थकबाकी गुंतलेली असते. त्याच्याजवळ बसणाऱ्याला समानुभूतीबरोबरच पीकविम्याच्या अर्जाची मुदतही ठाऊक असावी लागते. निदेशात्मक पद्धतीतील माहितीचा आग्रह ह्या अर्थाने टाकाऊ नाही. आक्षेप माहिती देण्याला नसून निर्णय आपल्या हाती ठेवण्याला आहे.

७

ह्या विवेचनातून समुपदेशनाच्या अर्थासंबंधी पुढील मर्यादित निष्कर्ष निघतात. समुपदेशन हा उपदेशाचा सौम्य प्रकार नव्हे. निवाडा, शरणागती आणि समायोजन ही तिन्ही त्याच्या प्रयोजनाशी विसंगत आहेत. दुःखी व्यक्तीला स्वतःचे दुःख स्वतःच्या शब्दांत सांगता यावे, ते सांगितल्यावर विचाराला मोकळीक मिळावी, आणि निर्णय तिच्याच हाती राहावा, हे त्याचे पहिले प्रयोजन होय. ज्या भारातून दुःख उपजले त्या भाराला शक्य तेवढा हात लावणे, आणि जेथे आपला हात पुरत नाही तेथे योग्य माणसाकडे किंवा यंत्रणेकडे पोहोचविणे, हे दुसरे. पहिल्यावाचून दुसरे केवळ सरकारी मदत ठरते. दुसऱ्यावाचून पहिले केवळ सांत्वन ठरते.

परभणी, नांदेड, लातूर व हिंगोली ह्या जिल्ह्यांतील महाविद्यालयांतून समाजकार्य, शिक्षणशास्त्र व मानसशास्त्र शिकणारे विद्यार्थी उद्या ह्याच गावांतून काम करणार आहेत. पाठ्यग्रंथांतील पाश्चात्त्य व्याख्या त्यांनी अवश्य अभ्यासाव्यात. परंतु ज्या स्त्रियांपाशी व ज्या शेतकऱ्यांपाशी त्यांना बसायचे आहे, त्यांच्या भाषेत ऐकून घेण्याची कल्पना कोणत्या रूपाने वावरत आली, हेही त्यांच्या अभ्यासाचा भाग व्हावयास हवे. संज्ञा बदलण्याची आता गरज नाही. 'समुपदेशन' हाच शब्द राहील. मात्र त्यातील 'सम्' आणि 'उप' ह्यांचा उच्चार 'देशना'इतकाच स्पष्ट झाला पाहिजे.